देवी निजलेली असताना ऐकलेली गत

आम्ही तुळजापूरला निघालो ते देवीसाठी नव्हे, हे मी तेव्हा शेजारणींना सांगितलं नाही. त्यांनी माझ्याजवळ ओटीचे खण दिले, नारळ दिले, एकीनं सुनेसाठी नवस बोलून यायला सांगितलं. मी मान खाली घालून सगळं पिशवीत भरलं. आम्ही निघालो होतो एका मेलेल्या बॅण्डमास्तरनं रचलेल्या गतीचा शेवट शोधायला, आणि असं कारण चार बायकांत सांगायला मला तोंड नव्हतं.

परवा धाकटी बहीण म्हणाली, "अक्का, तू जन्मात एकदाच एवढ्या लांब गेलीस, पण तिथं काय पाहिलंस ते कधी बोलली नाहीस." मला तोंडानं सांगता येत नाही. चार माणसं ऐकायला बसली की मी उठून चुलीशी जाते. म्हणून लिहून ठेवते. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे असं हे म्हणत.

हे मिरजेला एका शाळेत गाणं शिकवत. शाळा दुपारी सुटली की ह्यांचं खरं काम सुरू होई. तुळजापूरला नागनाथ मास्तर म्हणून एक बॅण्डमास्तर होऊन गेले. पोरवयात ते हैदराबादला निजामाच्या लष्करी बॅण्डात लागले आणि तिथं एका गोवेकर उस्तादाकडून पाच रेघांवर संगीत लिहायला शिकले. निजामाचं राज्य गेल्यावर गावी परत आले, माणसं जमवून बॅण्ड उभा केला, आणि वराती वाजवता वाजवता त्यांनी चार मोठ्या गती रचल्या. हे त्यांना सिंफनी म्हणत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "एकच गोष्ट चार प्रकरणांत सांगायची, आणि शब्द एकही नाही. तुझ्या कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो ना, तसं समज."

बॅण्डात प्रत्येकाजवळ फक्त आपल्या वाद्याचा कागद असे. मास्तर वारले आणि ते कागद गावोगाव पांगले. ह्यांनी ते कित्येक वर्षं गोळा केले. कुणी मागच्या बाजूला दुधाचा रतीब मांडलेला, कुणी त्यात साबण गुंडाळलेला. दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत की ह्यांना जेवण गोड लागत नसे. "साक्षीदार खोटं बोलत नाहीत गं," म्हणत, "नुसते विसरतात. कोण काय विसरला ते ओळखायचं, एवढंच माझं काम."

माझं काम रेघा आखायचं. पाच निबं एका लाकडी पट्टीला बांधून ह्यांनी अवजार केलं होतं. ते शाईत बुडवून एका दमात ओढलं की पाच रेघा. मध्ये हात थांबला की डाग पडे. त्या रेघांवर हे काय लिहीत ते मला वाचता येत नसे, पण रेघा माझ्या होत्या.

आमची एकच खोली. पोरं दुपारी निजली की बाजाची पेटी उघडायची सोय नसे. मग हे टेबलाच्या कडेवर नुसती बोटं चालवत. आवाज काही नाही. मी समोर बसून तांदूळ निवडत असे. पाहता पाहता मला बोटांवरून कळायला लागलं, की आज दुसरी गत चालली आहे, आज तिसरी. मी हे ह्यांना पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं.

तीन गती पूर्ण झाल्या आणि चौथी अडली. तिच्या शेवटाला बाकीची वाद्यं एकेक करून थांबतात आणि क्लॅरिनेट एकटं उरतं, एवढं सगळ्या कागदांवरून दिसत होतं. क्लॅरिनेटचाच कागद मिळाला नव्हता. चारही गतींचं पुस्तक छापणारा दसऱ्यानंतर थांबायला तयार नव्हता. ह्यांनी नाइलाजानं स्वतःच एक शेवट रचून ठेवला होता, सगळी वाद्यं परत येऊन जोरात वाजतात असा. तो कागद समोर आला की ह्यांचं तोंड कडू होई. "दुसऱ्याच्या ताटात आपला घास वाढायचा नसतो," म्हणत. आणि तरी तोच छापायची पाळी आली होती.

तेवढ्यात कळलं, की मास्तरांचे क्लॅरिनेटवाले रसूलभाई सोलापूर सोडून पुन्हा तुळजापूरला राहायला आलेत. ह्यांनी त्याच दिवशी रजा मागितली. माझी पोरं मोठी झाली होती, घर धाकट्या जावेवर टाकता येत होतं. हे म्हणाले, "तू पण चल. रेघा आखायला लागतील." निघायच्या घाईत पंचांग कुणीच पाहिलं नाही.

तुळजापूर

सोलापूर सोडलं आणि मी एस.टी.च्या खिडकीतून पाहतच राहिले. भाद्रपद चालू होता. आमच्याकडे त्या दिवसांत कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून येतं. इथं रान चैत्रासारखं उघडं होतं. पेरलेलं वीतभर वर येऊन तिथंच वाळलेलं. विहिरींच्या काठावर मोटेची चाकं होती, पण नाडे काढून ठेवलेले. दुष्काळाचं वर्ष होतं ते. वर्तमानपत्रात वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

यात्रेकरूंनी पुजाऱ्याच्या घरी उतरायची तिथली पद्धत आहे. आम्ही उतरलो त्या घरच्या बाईंनी पाय धुवायला तांब्या दिला. मी मिरजेच्या सवयीनं सगळा तांब्या पायांवर ओतला आणि दुसरा मागितला. बाईंनी दुसरा तांब्या आणून दिला. नंतर पाहिलं तर मोरीच्या तोंडाशी एक घमेलं लावलेलं होतं आणि बाई माझ्या पायांचं पाणी परसातल्या लिंबाला घालत होत्या. त्यानंतर तिथं असेपर्यंत मी ओंजळीनं पाय धुतले.

खोलीत खाट नव्हती. भिंतीशी खाटेच्या पायांच्या खुणा होत्या. ह्यांची पाठ आधीच धरलेली. हे विचारतात तर बाई म्हणाल्या, "आवं, देवी पलंगावर निजल्यावर आपन कसं पलंगावर निजावं? आमच्या घरात ह्या दिवसांत समदे भुईला."

तेव्हाच आम्हाला प्रथम कळलं, की देवी निजलेली आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला तिला सिंहासनावरून उतरवून शेजघरात पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला पुन्हा उठवतात. हे हसून म्हणाले, "तिची झोप माझ्या पाठीला महाग पडणार." किती महाग ते अजून कळायचं होतं.

रसूलभाईंचं बांगड्यांचं दुकान महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. उंच, वाळलेले, पांढरी दाढी. एका बाईच्या हातात हिरवा चुडा भरत बसले होते. ह्यांनी नमस्कार करून सांगितलं, "नागनाथ मास्तरांच्या चौथ्या गतीसाठी आलोय."

रसूलभाईंनी वर पाहिलं, पण बोटं थांबली नाहीत. "मास्तर जाऊन लई दिस झालं, गुरुजी. आता बॅण्डला कोन इचारतंय? औंदा वराती न्हायत का वाजंत्री न्हाय. लोकं अक्षता टाकत्यात अन् खडी फोडाय जात्यात."

"मी मास्तरांच्या तीन गती लिहून काढल्यात. चौथीचा शेवट अडलाय. तो तुमच्या क्लॅरिनेटवर आहे."

"व्हय, माझ्यावरच हाय," रसूलभाई म्हणाले, आणि त्यांची बोटं एवढ्या वेळात पहिल्यांदा थांबली.

"आवं मामा," ती बाई म्हणाली, "गप्पा त्यांच्यासंगं मारा, मनगट माझं मोडाय लागलंय."

बाई गेल्यावर ह्यांनी विचारलं, "वाजवून दाखवाल का? मी लगेच लिहून घेतो."

"आत्ता? देवी निजली न्हवं." रसूलभाईंनी मंदिराच्या बाजूला हात केला. "ती उठंस्तवर मी क्लारनेट तोंडाला लावत न्हाय. मास्तरांनी घालून दिलेली रीत हाय. बॅण्डातल्या समद्यांनी पाळली."

हे थोडे गोंधळले. "पण तुम्ही..."

"मुसलमान. मग? तिच्या गादीचा कापूस पिंजाय बी आमच्यातलंच मानूस लागतंय. निजवाय आमी चालतो, तर निजलेलीला जपाय नको?" आणि ते हसले, ओठ मिटून.

त्यांच्या बायको, आमिनाबी, आतून आल्या आणि न विचारता माझा हात धरून बसल्या. रिकाम्या हातानं दुकानातून परत जायचं नसतं म्हणे. माझा हात बांगडीत जाईना. "हात लई आखडताव ताई," त्या म्हणाल्या. "सैल सोडा. लाजाळू हाताला बांगडी टिकत न्हाय, मी किती बायकांचं बघितलं."

हे परत निघताना रसूलभाई म्हणाले, की क्लॅरिनेटचा कागद मास्तरांच्या पेटीत असेल, आणि पेटी मास्तरांच्या लेकीकडे लोहाऱ्याला. मला वाटलं, हा माणूस आम्हाला लवकर वाटेला लावतोय.

संध्याकाळी मी पायऱ्या उतरून मंदिरात गेले. गर्दी नव्हतीच. सिंहासन रिकामं. शेजारणींचे खण आणि नारळ मी उंबऱ्याशी ठेवले. आमच्याकडे देवळात गेलं की आधी घंटा वाजवायची. माझा हात सवयीनं वर गेला, आणि एका म्हाताऱ्या आराधिणीनं, गळ्यात कवड्यांची माळ असलेल्या, नुसती मान हलवली. मी हात खाली घेतला. नवस बोलायचा राहिला. झोपलेल्या बाईला काय मागायचं?

लोहारा

लोहाऱ्याच्या रस्त्यावर मैलच्या मैल खडी फोडणं चाललं होतं. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे एका ओळीत. बाभळीला झोळ्या बांधलेल्या. एस.टी. जवळून गेली की सगळे धुळीत बुडत आणि पुन्हा हातोड्यांचा आवाज येई. हे खिडकीला कान लावून बसले होते. "ऐक," म्हणाले, "शंभर हातोडे, आणि एकाचाही ताल दुसऱ्याशी जुळत नाही. कसा जुळणार? हे गाणं कुणी आपखुशीनं धरलेलं नाही."

मास्तरांची लेक शेवंताबाई माझ्याच वयाची निघाली. त्यांच्या सासूबाई आम्हाला पाहून "कुंद्री, कुंद्री" म्हणाल्या. मला कळेना, मी उभीच. शेवंताबाई हसल्या. "बसा म्हनत्यात. आमच्या आत्याबाईंचं माहेर कानडी मुलखातलं. माया आली की कानडी, राग आला की मराठी." नंतर कळलं की हे खरंच आहे. पोरांना त्या मराठीतून रागावत होत्या.

पेटी घरात नव्हती. शेवंताबाईंचे मालक सोसायटीत शिपाई होते आणि घरात जागा नाही म्हणून त्यांनी पेटी सोसायटीच्या गोदामात ठेवली होती. किल्ली चेअरमनकडे आणि चेअरमन तालुक्याला दुष्काळी कामाच्या मीटिंगला. तेव्हा सगळं सोसायटीतूनच मिळे: खत, कर्ज, आणि त्या वर्षी तर धान्यसुद्धा. ते येईपर्यंत बसून राहायचं होतं.

जेवायला तांबड्या जोंधळ्याची भाकरी होती. परदेशातून आलेला तो मिलो जोंधळा. बरोबर येसराची आमटी, भाजलेल्या डाळींच्या मसाल्याची, झणझणीत. "सरकारी जोंधळा हाय ताई," शेवंताबाई म्हणाल्या, "तोंडाला रुचायचा न्हाय. थापताना बी तुटतो." त्या भाकरीला कड नव्हती, पण आमटीत कुस्करून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पाहुण्याला वाढताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही, आणि मला आमच्या भरल्या घरातले माझे हिशेबी हात आठवले.

ह्यांनी चौथ्या गतीचं विचारलं. शेवंताबाई भाकरीचं पीठ परातीत गोळा करत म्हणाल्या, "ती गत एकदाच वाजली. माझ्या लग्नात. बाबांनी माझ्यापायीच बांधली हुती. मला काय त्यातलं कळतंय? लगीन म्हंजे नुसती गडबड. पन बैलगाडीत बसले अन् गाडी सुटली, तवा समदा बॅण्ड एकेक करून गप झाला. एकटा क्लारनेट. मला वाटलं बाबाच वाजवत्यात. मागनं कळलं, रसूलकाका. बाबा तोंड फिरवून हुबे हुते म्हनं."

"आणि शेवट कसा होता?" हे पुढे सरकले. "शेवटचा सूर वर होता की खाली?"

शेवंताबाईंनी विचार केला. "गाडी चालली हुती की, गुरुजी. ऐकू येत हुतं, येत हुतं, मग ऐकू याचं थांबलं. संपलं का न्हाय ते मला कसं कळावं?"

सासूबाईंनी काहीतरी कानडीत विचारलं. शेवंताबाईंनी सांगितल्यावर म्हातारीनं माझ्याकडे पाहून मान डोलावली. सासरी निघालेल्या लेकीच्या गाडीतलं ऐकणं काय असतं ते तिला सांगायला नको होतं. मलाही.

ऊन कलल्यावर चेअरमन आले. भला माणूस, पण घाईत. "बॅण्डाची पेटी? ती काय पळून जात न्हाय," म्हणत गोदाम उघडलं. पेटी मिलोच्या पोत्यांखाली होती. शेवंताबाईंच्या मालकांनी आणि ह्यांनी पोती बाजूला केली, तेव्हा ह्यांच्या पाठीतून कळ निघालेली मी तोंडावरून ओळखली. पेटी उघडली. आत मास्तरांचा डगला, पितळी बटणांचा, आणि कागदांची चळत. खालून वाळवी लागली होती. क्लॅरिनेटचा कागद वरून शाबूत होता. हे उभ्या उभ्या वाचायला लागले. त्यांची बोटं हवेत हलत होती. शेवटच्या पानावर आले आणि थांबले. पानाचा खालचा भाग नव्हता. नुसती माती आणि कागदाची जाळी.

शेवंताबाई डगला छातीशी धरून उभ्या होत्या. "काय झालं गुरुजी?"

"काही नाही," हे म्हणाले. "पुष्कळ मिळालं."

पुन्हा तुळजापूर

परतीच्या एस.टी.त हे म्हणाले, "घट बसेपर्यंत थांबू. रजा वाढवून मागतो." पाठीमुळे त्यांना नीट बसता येत नव्हतं. छापणाऱ्याचं नाव मी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात रसूलभाईंशी बोलत बसले आणि आमिनाबींनी मला आत बोलावलं. चुलीवर तवा होता. मी म्हटलं, मला भाकरी थापायला शिकवा, आमच्या घरी मी लाटते. त्यांना हसू आवरेना. "लाटता? भाकरी?" त्यांनी माझ्या हातात गोळा दिला. मी थापू लागले. बोलावं लागू नये असं वाटतं तेव्हा मला हाताला काम लागतं.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, आवाज खाली करून, "ताई, तुमी घटापातूर थांबू नगा."

"का हो?"

"हे गावात ऱ्हानार न्हायत. लेकीकडं सोलापूरला जायचं ठरवल्यात, देवी उठायच्या आदल्या दिशी." तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. "देवीची रीत खरी हाय. पन ह्या खेपी ती आडुशाला आली. ह्यांचं म्होरचं दात गेल्यात, ताई. दोन सालं झाली. क्लारनेट दातावर धरावं लागतंय. गेल्या साली दार लावून फुंकून बघितलं, नुसती हवा अन् थुंकी. मग पेटीत घातलं ते घातलं. आता येवढं शिकलेलं मानूस इतक्या लांबनं मास्तरांचं नाव घेत आलं. त्याच्यासमोर तसं कसं वाजवावं? तुमीच सांगा."

मला रसूलभाईंचं मिटल्या ओठांचं हसणं आठवलं. ह्यांना सांगावं तर रसूलभाईंची लाज उघडी पडते. न सांगावं तर हे पाठ धरून घटापर्यंत बसणार, आणि दुकान बंद सापडणार. आणि मग ह्यांचा तो कडू शेवट नागनाथ मास्तरांच्या नावावर कायमचा छापला जाणार. तव्यावर माझी भाकरी जळली. आमिनाबींनी ती काढून बाजूला ठेवली. "व्हतंय," म्हणाल्या.

मी पिठाचे हात तसेच घेऊन दुकानात गेले. परक्या पुरुषाशी आपण होऊन बोलायचा माझा तो पहिलाच प्रसंग असेल. दारातच उभी राहिले.

"रसूलभाई," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. रसूलभाईंनी हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "बोला की भाभी."

"आमच्याकडे पोरं निजली की हे पेटी वाजवत नाहीत. टेबलावर नुसती बोटं वाजवतात." मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. "पोरं उठत नाहीत. पण मला कळतं कुठली गत आहे ती." मग बाकीचं एका दमात सांगितलं, रेघ ओढतात तसं. "तुम्ही क्लॅरिनेट तोंडाला लावू नका. नुसती बोटं फिरवा. देवीची झोप मोडायची नाही, आणि हे वाचतील."

रस्त्यावरून बकरी ओरडत गेली. मला वाटलं, जमीन फाटावी.

रसूलभाई माझ्याकडे पाहत होते. मग त्यांची नजर माझ्यामागे आतल्या दाराकडे गेली, तिथं आमिनाबी उभ्या असणार. त्यांना सगळं कळलं असावं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बोटं वाजवली तर रीत मोडत न्हाय." आणि मग, जरा मिश्कीलपणे, "मास्तरांनी बोटांचं काय सांगितलं न्हवतं."

दुकानाचं फळकूट लावून घेतलं. भर दुपार होती. आतल्या खोलीत झरोक्यातून उजेड येत होता. रसूलभाईंनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं क्लॅरिनेट काढलं, जोडलं, आणि छातीशी टेकवून धरलं. मी भुईवर बसून कोऱ्या कागदावर रेघा आखल्या. ह्यांनी टाक घेतला, वाळवीनं खाल्लेलं पान समोर ठेवलं, आणि म्हणाले, "इथून."

रसूलभाईंनी डोळे मिटले. डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरू लागला. आणि बोटं सुरू झाली.

बांगड्या भरणारी ती बोटं मी पाहिली होती. ही वेगळी होती. भोकांवर नुसती टेकत, उठत, एखादं घसरत जाई. चाव्यांची बारीक टकटक तेवढी ऐकू येई. ते नाकानं श्वास घेत होते, वाजवताना घ्यायचा तिथंच. ह्यांचा टाक बोटांच्या मागून धावत होता. एकदा ह्यांनी हात वर केला. रसूलभाईंनी डोळे उघडले, मागे गेले, तेवढीच बोटं पुन्हा हळू फिरवली. ह्यांनी मान हलवली. दोघं पुढे निघाले. मला सूर कळत नाहीत, पण कुठं गाडी सुटली ते मला कळलं. बोटं हळू झाली होती आणि प्रत्येक बोट उठायला तयार नव्हतं.

मग एकेक करून सगळी बोटं उठली. डाव्या हाताचा अंगठासुद्धा. नुसत्या उजव्या अंगठ्यावर क्लॅरिनेट तोललेलं होतं आणि बाकीची बोटं हवेत, थोडी वाकलेली.

ह्यांचा टाक थांबला. रसूलभाई हलेनात. पायाचा ठेकाही थांबला होता. ह्यांनी वाट पाहिली. मी वाट पाहिली. आमिनाबींनी पदर तोंडाशी धरला होता. खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

शेवटी ह्यांनी अगदी हळू विचारलं, "संपलं?"

रसूलभाईंनी डोळे न उघडता मान हलवली. "न्हाय, गुरुजी. अजून वाजतंय."

आणि आणखी कितीतरी वेळ ती बोटं तशीच हवेत होती.

नंतर चहा पिताना हे मला समजावून सांगत होते, पण डोळे रसूलभाईंकडेच. क्लॅरिनेटची सगळी भोकं उघडी टाकली तरी त्यातून एक सूर निघतो. बोट कुठंच नाही, तरी सूर. "किती मोजायचा तो?" ह्यांनी विचारलं.

"मोजायचा न्हाय," रसूलभाई म्हणाले. "मास्तर म्हनले, गाडी वेशीच्या पल्याड दिसायची थांबंल तवर. मी म्हनलं, मास्तर, माझा दम? तर म्हनले, दम संपला तर गुपचूप पुन्ना घे, पन पोरीला कळू देऊ नगंस."

ह्यांनी बशी खाली ठेवली आणि रसूलभाईंची बोटं दोन्ही हातांत धरली. आमच्याकडे गुरूच्या पायांना हात लावतात. हात धरलेले मी तेव्हाच पाहिले.

परत

सोलापूरच्या वाटेवर हे खुशीत होते. पाठ विसरले होते. मी विचार करत होते, दातांचं सांगावं की नको. तेवढ्यात हेच म्हणाले, "ओठ मिटून हसणारा क्लॅरिनेटवाला मी पहिल्या दिवशीच ओळखला होता. पण काय म्हणू मी त्याला?" खिडकीतून धूळ येत होती. मग म्हणाले, "आणि तुला माझ्या बोटांवरून कुठली गत ते कळतं?"

"कळतं."

"कधीपासून?"

"धाकटा दोन वर्षांचा होता तेव्हापासून."

ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढच्या गावापर्यंत तशीच धरून बसले.

मिरजेला आल्यावर ह्यांनी स्वतःचा रचलेला शेवट फाडला नाही, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मला वाणसामान लिहायला दिला. शेजारणींनी विचारलं, "देवीचं दर्शन कसं झालं?" मी म्हटलं, "झोपली होती." त्या खूप हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

पुस्तक छापून आलं. ह्यांच्या अक्षरावरूनच छपाईचे ब्लॉक केले होते, तेव्हा त्यातल्या रेघा माझ्याच. एक प्रत तुळजापूरला गेली, एक लोहाऱ्याला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून ऐकलं. आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही. जाऊ, जाऊ म्हणत राहिलो.

मला पाच रेघांवरचं अजूनही वाचता येत नाही. पण चौथ्या गतीच्या शेवटच्या पानावर एक खूण आहे ती येते. उलटी चंद्रकोर आणि तिच्या पोटात टिकलीसारखा ठिपका. हा सूर मोजायचा नाही, धरून ठेवायचा, असा तिचा अर्थ, ह्यांनी सांगितलेला. घर रिकामं असतं तेव्हा मी ते पान काढते आणि टेबलाच्या कडेवर बोटं टेकवते, हे टेकवत तिथं. मग एकेक करून उचलते.